मैदान आणि वही

गेल्या वर्षी श्रावणात, सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी काही कामानिमित्त गेलो असता, पावसाने उघडीप दिलेल्या एका सकाळी तेथील शाळेच्या पडवीत जे दृश्य दृष्टीस पडले, ते अगदी साधे असूनही मनातून जाईना. बारावीच्या वर्गातील एक मुलगी १६ इंच उंचीच्या लाकडी बाकावर ठरलेल्या ठेक्यात चढत होती आणि उतरत होती; मिनिटाला ३० वेळा असा तो ठेका होता, आणि तो ५ मिनिटे टिकवावयाचा होता. शेजारी तिची मैत्रीण स्टॉपवॉच धरून उभी होती. साडेतीन मिनिटे झाली आणि मुलगी थांबली, मटकन खाली बसली. मैत्रिणीने एक मिनिट जाऊ दिले, मग तिच्या मनगटावर बोटे टेकवून अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजले. ते ७० भरले. धाप पुरती ओसरली नव्हती तोच मुलीने वही ओढून घेतली आणि गणित मांडले: व्यायामाचे २१० सेकंद गुणिले १००, त्यास ५.५ आणि ७० यांच्या गुणाकाराने भागले, उत्तर ५४.५; हाच तिच्या क्षमतेचा निर्देशांक.

“सर, साडेचौपन्न आला,” ती म्हणाली.

“बरं. मग आता आकड्याखाली कारण लिही,” शिक्षक म्हणाले. “आधी पाय थांबले, की आधी दम संपला?”

मुलगी क्षणभर विचारात पडली, मांडीवरून हात फिरवला, आणि आकड्याखाली एकच शब्द लिहिला: ‘पाय’.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ही ‘हार्वर्ड स्टेप टेस्ट’ नावाची कसोटी आज आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे लोकभाषेत सीबीएसईच्या, बारावीच्या ‘शारीरिक शिक्षण’ या ऐच्छिक विषयात शिकविली जाते. हा विषय अकरावी-बारावीत भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास यांच्या पंक्तीला बसतो. त्याला ०४८ हा स्वतःचा संकेतांक आहे, ७० गुणांची लेखी परीक्षा आहे आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक आहे. तथापि, असा एखादा विषय आहे, हे सांगताच सुशिक्षित घरांतूनही जो पहिला उद्गार निघतो तो बहुधा एकच असतो: “म्हणजे पीटीच ना?” या उद्गारात आपल्या समाजाचा शरीराविषयीचा एक जुना गैरसमज साठलेला आहे. तो दूर व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पीटीचा तास आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. मी ज्या शाळेत शिकलो, तेथे तो आठवड्यातून दोनदा वेळापत्रकात लिहिलेला असे. पण परीक्षा जवळ आली, की गणिताचे किंवा विज्ञानाचे मास्तर येऊन तो घेऊन जात, आणि त्यात काही अन्याय होतो आहे असे मुलांना, पालकांना, किंबहुना खुद्द पीटीच्या सरांनाही वाटत नसे. शरीर हे बुद्धीचे वाहन, वाहनाला मधूनमधून तेलपाणी केले म्हणजे पुरे, त्याचा अभ्यास तो काय करावयाचा, अशी ती समजूत होती. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आरोग्य व शारीरिक शिक्षण सर्वांसाठी अनिवार्य आहे आणि त्याची श्रेणीही गुणपत्रकावर उमटते, हे खरे. पण श्रेणीपुरता विषय आणि अभ्यासाचा विषय यांत जे अंतर आहे, ते सर्वजण जाणतात. त्याचप्रमाणे, स्पर्धांत चमकलेल्या मुलांना मंडळाकडून जे सवलतीचे क्रीडागुण मिळतात, त्यांचाही या विषयाशी संबंध नाही. क्रीडागुण हे पराक्रमाचे बक्षीस होय; शारीरिक शिक्षण हा शरीराच्या पराक्रमामागील कार्यकारणभावाचा शोध होय. उत्तम धावणारा मुलगा या विषयात नापास होऊ शकतो, आणि धावण्यात मागे पडणारी मुलगी त्यात पहिली येऊ शकते.

बारावीच्या अभ्यासक्रमाचे दहा घटक नुसते नजरेखालून घातले, तरी या विषयाचा विस्तार ध्यानात येतो. क्रीडास्पर्धांचे आयोजन, मुले व स्त्रिया यांचे खेळ, जीवनशैलीतून उद्भवणाऱ्या व्याधींवर योग, दिव्यांगांसाठी शारीरिक शिक्षण, आहार, चाचण्या व मापन, शरीरक्रिया व दुखापती, गतीचे यंत्रशास्त्र, मानसशास्त्र, आणि सरावाच्या पद्धती, असे ते दहा घटक आहेत. यांतील प्रत्येकाच्या मागे एकेक स्वतंत्र शास्त्र उभे आहे, आणि ती सर्व शास्त्रे एका ठिकाणी, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या देहात, येऊन मिळतात. भूगोल शिकणाऱ्याला नद्या नकाशात पाहाव्या लागतात; या विषयाच्या विद्यार्थ्याचा सगळा मुलूख त्याच्या कातडीच्या आत आहे.

त्या मुलीने लिहिलेल्या ‘पाय’ या एका शब्दाचाच विचार करू. बाकावर चढताना तिच्या मांडीचे स्नायू शक्ती खर्च करीत होते. जोपर्यंत श्वास आणि रक्त यांच्या वाटे प्राणवायूची आवक खर्चाच्या मेळात असते, तोपर्यंत व्यवहार रोखीने चालतो. आवक अपुरी पडली, की स्नायू प्राणवायूवाचून शर्करा फोडून शक्ती मिळवू लागतात. ही तसलमात उचलण्यासारखी गोष्ट आहे. ती फार काळ पुरत नाही, आणि काम संपल्यावर तिचा हिशेब चुकता करावा लागतो. थांबल्यानंतरही आपण काही वेळ धापा टाकतो, त्यात या परतफेडीचा वाटा असतो. स्नायूंत उष्णता कशी निर्माण होते याच्या संशोधनाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले, त्या ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञांनी याला प्राणवायूचे ऋण असेच नाव दिले होते. पुढील संशोधनाने या जमाखर्चातील कित्येक रकमा दुरुस्त केल्या. तरी ‘पाय आधी थांबले की दम आधी संपला’ हा प्रश्न शास्त्रीय आहे, आणि सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून त्याचे उत्तर शोधू शकते, याचे मोल मला फार वाटते.

आणखी एक उदाहरण गोळाफेकीचे. कोणतीही वस्तू ४५ अंशांच्या कोनात फेकली असता सर्वांत दूर जाते, असे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असते, आणि हवेचा विरोध जमेस धरला नाही तर ते बरोबरही असते. पण वस्तू ज्या उंचीवरून सुटली त्याच उंचीवर ती पडली पाहिजे, ही अट त्यामागे दडलेली आहे. गोळा तर खांद्याच्याही वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. शिवाय मनुष्याचा दंड जितक्या जोराने पुढे रेटू शकतो, तितक्या जोराने वर रेटू शकत नाही. या दोन कारणांमुळे निष्णात गोळाफेकपटूंचा कोन साधारण ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान राहतो. पुस्तकातील नियम आणि मैदानावरील खूण यांत फरक पडला, तर नियमाची अट तपासावी, ही जी बुद्धीची सवय, ती या ठिकाणी मुलांना गोळ्याच्या वजनासकट मिळते. कबड्डीत चढाईला निघालेला गडी गुडघ्यांत वाकून का जातो, याचेही उत्तर येथेच आहे: गुरुत्वमध्य जितका खाली आणि पायांतील अंतर जितके बेताचे रुंद, तितका तो धक्क्याने कमी ढळतो. आपल्या वस्तादांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. विद्यार्थ्याला त्याचे कारणही कळते, एवढेच काय ते अधिक.

स्पर्धांच्या आयोजनाचा घटक दिसावयास रुक्ष, पण गावोगावी खेळांचे सामने भरविणाऱ्या आपल्या मंडळांना त्याची किती गरज आहे! समजा, १३ संघांनी नावे दिली. बाद पद्धतीने खेळवावयाचे तर प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो आणि शेवटी एकच उरतो, सबब सामने १२ होणार. १३ च्या पुढची दोनाच्या घातातील संख्या १६. १६ मधून १३ वजा जाता ३ राहिले, तेव्हा तीन संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल द्यावी लागेल. हेच संघ साखळी पद्धतीने खेळले, तर प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडून सामने ७८ होतील, आणि दोन दिवसांच्या जत्रेत ते बसणार नाहीत. पुढे चाल कोणाला द्यावी, याचेही नियम ठरलेले आहेत, आणि ते माहीत नसले म्हणजे मांडवात कसे तंटे उभे राहतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या घटकाला रुक्ष म्हणणे जमणार नाही.

देहाचा अभ्यास ही कल्पना आपल्या मातीला परकी आहे काय? मुळीच नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला आणि आखाड्याला शिक्षणसंस्थेचे रूप दिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मद्रासला १९२० साली हॅरी बक यांनी वायएमसीएच्या वतीने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था स्थापन केली, आणि १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी, १९५७ साली, ग्वाल्हेरला झाशीच्या राणीच्या नावाने असे महाविद्यालय निघाले. इकडे बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनी व्यायामविषयक ज्ञानाचा मराठीत एक कोशच रचला. व्यायाम ज्ञानकोशाचे ते दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाले. दंड, जोर, बैठका, मल्लखांब, लाठी, बोथाटी यांची ही एवढी शब्दबद्ध मालमत्ता ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या मुलांना शारीरिक शिक्षण हा उसना विषय वाटावा, ही खेदाची गोष्ट होय.

परंतु या इतिहासात मला सर्वांत जवळचे वाटतात ते स्वामी कुवलयानंद. जगन्नाथ गणेश गुणे या नावाचा हा तरुण बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाला होता, आणि पुढे परमहंस माधवदासजींच्या जवळ त्याने योगाची साधना केली. गुरूने दिलेल्या विद्येवर त्याची श्रद्धा होती. पण या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्याने श्रद्धेच्या आड लपविला नाही. १९२० च्या सुमारास त्याने बडोद्यात उड्डियान आणि नौली या क्रिया करणाऱ्यांच्या क्ष-किरण तपासण्या करविल्या, दाब मोजण्याची यंत्रे लावली, आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असे त्यास आढळले. या अंशतः निर्वात स्थितीला त्याने आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून हे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. आखाड्यातील माणूस प्रयोगशाळेच्या दारात जातो, आणि तेथून परतताना आखाडाही सोडीत नाही आणि मोजमापही टाकीत नाही: बारावीच्या या विषयाचा आत्मा मला त्या एका प्रवासात दिसतो. मैदान आणि वही यांची गाठ पडणे, एवढेच या विषयाचे सार आहे.

ही गाठ नसली म्हणजे काय होते, याचा धडा आपल्या सर्वांत लाडक्या मल्लाच्या चरित्रात आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. ते तांबड्या मातीत घडलेले. तेथली कुस्ती मात्र गादीवरची, आणि आंतरराष्ट्रीय नियमही सर्वस्वी निराळे. अशा परिस्थितीतही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षांत त्यांनी नव्या कुस्तीचा अभ्यास केला, कसून मेहनत केली, आणि १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. अंगातील रग दोन्ही वेळी होतीच. दुसऱ्या वेळी तिला माहितीची जोड मिळाली.

या अभ्यासक्रमातील दोन प्रकरणे तर मला प्रत्येक घरात वाचली जावीत असे वाटते. पहिले स्त्रियांच्या खेळाविषयीचे. खाणे अपुरे, सराव भरपूर, आणि वजन कमी ठेवण्याचा ध्यास, या चक्रात सापडलेल्या मुलीची मासिक पाळी थांबू शकते आणि ऐन तारुण्यात तिची हाडे ठिसूळ होऊ लागतात. अपुरे खाणे, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या तीन गोष्टींचे एकमेकींशी असलेले नाते तेथे मुलामुलींना एकाच वर्गात, एकाच फळ्यावर, न लाजता समजावून दिले जाते. ज्या गोष्टी आपल्याकडे आई मुलीशीही दबक्या आवाजात बोलते, त्या शास्त्राच्या स्वच्छ भाषेत वर्गात बोलल्या जाव्यात, याहून मोठा संस्कार कोणता?

दुसरे प्रकरण दिव्यांगांच्या खेळांचे. १९४८ साली, लंडनचे ऑलिंपिक ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात जखमी सैनिकांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा भरविल्या, आणि त्या बीजातून पॅरालिंपिकचा वृक्ष वाढला. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण होते. वर्गातील एखादा चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा हे प्रकरण वाचतो, तेव्हा मैदान आपलेही आहे, ही गोष्ट त्याला पाठ्यपुस्तकाच्या अधिकारवाणीने सांगितली जाते.

चाचण्यांच्या घटकात साठीच्या पुढील माणसांसाठीही एक कसोटी आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, हा तिचा पहिला भाग. मुलगा घरी जाऊन म्हणतो, “आजी, जरा हात छातीशी धर आणि ऊठ बघू,” आणि आजी दहाव्या खेपेला दमून हसते, तेव्हा दोन पिढ्यांमध्ये एक नवीनच संभाषण सुरू होते. आजीच्या पायांतील बळ कमी झाले आहे, ते पडण्याआधी ध्यानात आले, आणि रोज थोडी उठबस केल्याने ते काही अंशी परत मिळू शकते, हे ज्ञान त्या घराला शाळेतून मिळालेले असते.

आता जे खुपते तेही स्पष्ट लिहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हा विषय ‘गुण काढून देणारा’ म्हणून निवडला जातो आणि तसाच उरकला जातो. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांत शारीरिक क्षमतेच्या चाचणीला ६, खेळातील कौशल्याला ७, योगक्रियांना ७, नोंदवहीला ५ आणि तोंडी परीक्षेला ५ अशी जी विचारपूर्वक वाटणी केलेली आहे, ती कागदावर राहते. नोंदवही गेल्या वर्षीच्या मुलाची उतरून काढली जाते, तीत न धावलेल्या ६०० मीटरची वेळ लिहिली जाते, आणि बाक कसा असतो हे न पाहताच स्टेप टेस्टचे सूत्र पाठ होते. कित्येक शाळांना मैदानच नाही. ज्या विषयाची परीक्षा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नाडीवर घ्यावयाची, त्यातही खोटा आकडा लिहिण्याची सवय लागावी, याहून दुसरी हानी मी मोठी मानीत नाही. कारण जो मुलगा स्वतःच्या हृदयाचे ठोके खोटे लिहितो, त्याला पुढे कोणताही दस्तऐवज खरा ठेवण्याचे कारण उरत नाही.

उपाय अवघड नाहीत. मैदान नसेल तर पडवी पुरते, महागडी यंत्रे नसतील तर एक बाक, एक टेप, एक घड्याळ पुरते. हवा आहे तो शिक्षकाला मान आणि त्याच्या तासाला अभय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामधील भिंत पाडावी असे म्हटले आहे. ती भिंत हुकमाने पडत नाही, गणिताचा तास चुकला तर जितकी हळहळ वाटते तितकीच शारीरिक शिक्षणाचा तास चुकल्याची वाटू लागली, म्हणजे ती पडते. हा विषय घेऊन कोणी बी.पी.एड. होईल, कोणी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेत मार्गदर्शक होण्यासाठी जाईल, कोणी भौतिकोपचाराकडे वळेल. पण बहुसंख्य मुले यांपैकी काहीच होणार नाहीत. ती दुकाने चालवतील, कचेऱ्यांत बसतील, शेती पाहतील, आणि आपापल्या देहासह पन्नास-साठ वर्षे काढतील. हा विषय मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

मार्गशीर्षात पुन्हा त्या गावी जाण्याचा योग आला. मुद्दाम शाळेत गेलो. पडवीत तोच बाक होता आणि नेमकी तीच मुलगी दुसऱ्या चाचणीची नोंद करीत होती. मध्यंतरीचे तीन महिने तिने रोज पहाटे अंगणात बैठका काढल्या होत्या. पहिल्या आठवड्यात २०, मग वाढवीत वाढवीत ८०. तारखा वहीत होत्या, खाडेही प्रामाणिकपणे लिहिलेले होते. या वेळी तिने ५ मिनिटे पुरी केली होती, ठोके ७४ भरले होते, आणि निर्देशांक ७३.७ आला होता. शिक्षकांनी वही हातात घेतली, आकडा पाहिला, आणि शाबासकी देण्याआधी तोच प्रश्न विचारला. या वेळी तिला विचार करावा लागला नाही. आकड्याखाली तिने लिहिले: ‘दम’.

“आता दमाचं काय करायचं, सर?” तिने विचारले. शिक्षकांनी मैदानाकडे बोट दाखविले. दवाने ओल्या झालेल्या मातीत धावण्याच्या वाटेची फक्की नुकतीच मारलेली होती. मुलीने वही मिटून बाकावर ठेवली आणि ती त्या वाटेकडे चालू लागली.